एकाच परातीतल्या शेंगा

सातपूर, नाशिक
ता. ८ डिसेंबर २०२५

चि. रोहिणीस, आजीचा सप्रेम जय भीम व अ. आ.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. पोस्टमनने शेजारच्या लंकाबाईच्या दारात टाकलं, तिने आधी उलटंपालटं करून पाहिलं नि मग आणून दिलं. फोन असताना पत्र कशाला, असं विचारते. मी सांगितलं, आमच्या रोहिणीच्या पाड्यावर पाण्याच्या टाकीवर चढावं तेव्हा रेंज येते, नि पोरगी रोज टाकीवर चढली तर एक दिवस पडेल. खरं कारण निराळं. फोनवर तू हो आजी, हो आजी करतेस नि ठेवून देतेस. पत्र मधेच ठेवता येत नाही. तिसरी शिकलेल्या बाईची एका पानाला अख्खी दुपार जाते, तर पुरतं वाचत जा.

परवा सहा तारखेला विहारात गेले होते. सगळ्यांनी तुझं विचारलं. मी म्हटलं, हरसूलच्या पुढे पाड्यावर मास्तरीण आहे, चौथीच्या वर्गाला. शिक्षणसेवक हा शब्द मी गाळते, तो बोलला की पुढे तीन वर्षांचं सगळं समजावत बसावं लागतं.

आता तुझ्या पोरांचं. ट्रेनिंगात तुम्हाला शिकवलं की राग ओळखायला शिकवा, श्वास घ्यायला लावा, दहापर्यंत मोजायला लावा. आणि तुझी पोरं श्वास घेतात, नीट दहा मोजतात आणि अकराव्याला गुद्दा घालतात. हे वाचून मी एकटीच हसत बसले. मग पुढचं वाचलं नि हसू गेलं. हर्षाली वाचताना अडखळली, निकिता हसली, हर्षालीने तिची वही फाडली, आणि दिवाळीपासून दोघी एका बाकावर पाठ करून बसतात. वर तू लिहितेस की आजी, मला गणित शिकवता येतं, माणूस शिकवता येत नाही. असं लिहू नये बाई.

मी कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बावीस वर्षं चपात्या लाटल्या. पहिल्या पाळीचा म्हणे दुसऱ्या पाळीने मशीन पुसलं नाही, दुसऱ्या पाळीचा म्हणे याने हत्यार लपवलं. सगळी भांडणं जेवायच्या सुट्टीत माझ्यापुढे. केरू फिटर तर ताट आपटूनच बोलायचा. मी एकच नेम ठेवला होता. भांडण सांगायचं तर खुशाल सांगा, पण हात रिकामे ठेवायचे नाहीत. लसणाची परात मधे, दोघे दोन बाजूंना, नि एकाच परातीतला लसूण सोलायचा. लसूण सोलताना माणसाला बोट दाखवता येत नाही. परात संपेपर्यंत निम्मं भांडण सालपटांबरोबर जायचं. बघ करून.

बाकी तू सातवीत असताना वर्गात रडलीस, ते मला सांगितलंस, मी लंकाबाईला सांगितलं आणि चार दिवस तू माझ्याशी अबोला धरलास, ते आठवून आम्ही दोघी काल खूप हसलो. लंकाबाई म्हणाली, तीच रडकी आता पोरांना रडू नका शिकवते.

लसूण पाड्यावर मिळत नसेल तर पाठवते. लोभ आहे तेवढा राहू दे, कमी-जास्त करू नकोस.
तुझी आजी,
भिमाबाई


पाडा, हरसूल
ता. २० डिसेंबर २०२५

ती. आजीस, रोहिणीचा सविनय जय भीम.

वि. वि. लसूण पाठवू नकोस, पोरांच्या बोटांना झोंबेल. आमच्या परसबागेत वाल लागलाय, मांडवभर शेंगा आहेत. स्वयंपाकाच्या चिमणाबाईंकडून परात मागून घेतली, खिडकीखाली गोणपाट टाकलं. मुलांनीच नाव ठेवलं, शेंगांचा कोपरा. बसायची जबरदस्ती नाही. ज्याला उठावंसं वाटेल त्याने उठावं.

मात्र तुझ्या नेमात मी एक भर घातली, रागावू नकोस. तुझ्या परातीत भांडण गळून जायचं, पण कोणाला काय लागलं होतं ते कळायचं नाही. म्हणून इथे आधी समोरच्याची बाजू सांगायची. त्याला काय वाटलं असेल ते आपण बोलायचं. समोरचा "हो, असंच" म्हणाला की आपली पाळी आली. "नाही" म्हणाला की आणखी एक मूठ शेंगा सोलायच्या नि परत सांगायचं.

हर्षाली आणि निकिता पहिले दोन दिवस नुसत्याच सोलत बसल्या. तिसऱ्या दिवशी हर्षाली म्हणाली की निकिताला ती मठ्ठ वाटली म्हणून निकिता हसली. निकिताने मान हलवली, नाही. दुसऱ्यांदाही नाही. चौथ्या मुठीला हर्षाली थांबली नि म्हणाली, पुढची पाळी तुझी होती, तुलाही ते वाचता येत नव्हतं, तू घाबरून हसलीस. निकिता रडायलाच लागली नि म्हणाली, हो, असंच. मग तिने हर्षालीचं सांगितलं. हर्षालीची आई द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेलीय, घरी वाचून घ्यायला कोणी नाही, आणि निकिताच्या वहीवर निकिताच्या आईने काढलेलं फूल होतं. हर्षालीने वही फाडली ती त्या फुलापायी. मी चार महिने या मुलींना शिकवतेय, मला यातलं काहीच माहीत नव्हतं. ते वाल त्या दिवशी खिचडीत पडले. दोघींनी एकमेकींना वाढलं.

सोबत फोटो आहे. आमचे मुख्याध्यापक गोरक्ष सर मोबाईलवर काढत होते, मी हरसूलला बाजाराच्या दिवशी त्याची प्रत काढून घेतली, खास तुझ्यासाठी. आजी, हा घरातच ठेव. मुलींच्या घरच्यांना मी विचारलेलं नाही, आणि भांडण त्यांचं आहे, माझं नाही.

औषधं वेळेवर घे. माया ठेव, त्यावरच आमचं इथे चाललंय.
तुझी,
रोहिणी


सातपूर
ता. २ जानेवारी २०२६

चि. रोहिणीस, अ. आ.

वि. वि. पत्र चार वेळा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने. माझी लसणाची परात हरसूलच्या डोंगरात जाऊन वालाची झाली, नि तिथे पोरी शहाण्या होतात, हे तुझ्या आजोबांनी ऐकलं असतं तर त्यांनी कारखान्यात पेढे वाटले असते. ते नाहीत म्हणून वाटायचं काम माझ्याकडे आलं.

तुझ्या भरीचा राग नाही आला. थोडा आला. मग वाटलं, केरू फिटर सालपटं टाकून निघून जायचा, पण त्याला काय लागलं होतं ते मी बावीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. तू विचारतेस. पोरगी आजीच्या पुढे गेली, हे काय वाईट आहे?

फोटो घरातच आहे. कपाटाच्या आरशाला लावलाय. आता घरात माणसं येतात त्याला मी काय करू. लंकाबाई तीनदा येऊन गेली. विहारातल्या बायका आल्या. त्या येत नव्हत्या म्हणून मीच तिळाची चटणी चाखायला बोलावल्या. लंकाबाईचा नातू राकेशही येऊन बघून गेला. सगळे म्हणाले, भिमाबाई, नशीब काढलंस.

त्र्यंबक रोड सगळा खणून ठेवलाय, कुंभमेळ्याची कामं. नाहीतर मीच बसने आले असते परात बघायला. इथला मटार आता छान येतोय.

जीव लावतेस तसा लाव, दृष्ट मी काढते.
तुझी आजी,
भिमाबाई


पाडा, हरसूल
ता. १३ जानेवारी २०२६

ती. आजीस, सविनय जय भीम.

वि. वि. शेंगांचा कोपरा मी बंद केला. परात चिमणाबाईंना परत दिली.

तो फोटो कोणीतरी मोबाईलवर फिरवला. फिरत फिरत तालुक्याच्या ऑफिसात पोचला. शाळेत मुलांकडून स्वयंपाकाची कामं करून घेतात का, याचा लेखी खुलासा माझ्याकडे मागितलाय. २९ तारखेला केंद्रप्रमुख साहेब शाळा बघायला येतील. अजून माझी शिक्षणसेवकाची तीन वर्षं पुरी व्हायची आहेत. वाईट शेरा पडला तर पुढे काय होईल ते मला कोणी नीट सांगत नाही, आणि जे सांगतात ते फार नीट सांगतात.

फोटो गोरक्ष सरांच्या मोबाईलमधला. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही. आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही, हजेरीपटसुद्धा चिमणाबाईंच्या हाती पाठवते. मुलांना शिकवते की आधी समोरच्याची बाजू सांगा, आणि मला सरांची बाजू ऐकायचीही नाही. काल हर्षालीने विचारलं, बाई, आता भांडण झालं तर कुठे बसायचं? मी म्हटलं, आपापल्या जागेवर. दुपारी दोन मुलांची डोकी फुटता फुटता राहिली.

तुला लिहिलं म्हणजे बरं वाटेल असं वाटलं होतं. बघू. तब्येत सांभाळ, माया असू दे.
तुझी,
रोहिणी


सातपूर
ता. १८ जानेवारी २०२६

चि. रोहिणीस, अ. आ.

वि. वि. पत्र मिळालं. वाईट वाटलं. लोक मेले असेच असतात, कोणाचं चांगलं बघवत नाही. तू काळजी करू नकोस, खाऊन-पिऊन राहा. लंकाबाईचे पापड यंदा लाल झाले, खार जास्त पडला म्हणे. राकेशला कारखान्यात नवीन पाळी लागली. थंडी बरीच आहे. आमच्या नळाला आता सकाळी पाणी

ता. २०

इथवर लिहिलं नि दोन दिवस कागद तसाच ठेवला. नळाला पाणी कधी येतं ते मला सांगायचंच नव्हतं.

काल मटार आणला. परात घेतली नि एकटीच बसले, समोर तू आहेस असं धरून. संपेपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं. म्हणून आता लिहिते.

सरांनी फोटो फिरवला नाही. मी फिरवला.

राकेश बघायला आला तेव्हा मीच त्याला म्हटलं, हा तुझ्या मोबाईलमध्ये घे नि आपल्या कॉलनीच्या ग्रुपवर टाक, खाली मी सांगते ते लिही. त्याने विचारलं होतं, आजी, रोहिणीताईला चालेल ना? मी म्हटलं, माझी नात आहे, मला विचारतोस? मग मी लिहायला लावलं, माझी नात शाळेत पोरांना शेंगा सोलायला बसवते, पोरं सुतासारखी सरळ झाली. हे माझे शब्द आहेत. राकेशचा दोष नाही, सरांचा नाही, फिरवणाऱ्या लोकांचाही नाही. तू घरात ठेव म्हटलेली वस्तू मी वेशीला टांगली.

तुझी बाजू आधी सांगायची असते, म्हणून प्रयत्न करते. तुला भीती वाटते की नोकरी जाईल. आणि सरांवर तू उगाच आठ दिवस रागावलीस, त्याची आता लाज वाटेल. तीही माझ्यामुळे. एवढंच मला कळलं. कमी असेल तर नाही म्हण, मी आणखी सोलीन.

राकेशने फोटो काढून टाकला, पण पाण्यात विरघळलेलं मीठ परत कसं वेचणार. साहेबांच्या नावाने एक कागद लिहिलाय, खरं काय ते त्यात आहे, खाली माझी सही आहे. सोबत जोडते. द्यायचा की नाही ते तू ठरव. या वेळी तूच ठरव.

लोभ असावा असं लिहायची हिंमत होत नाही. उरला असेल तेवढा ठेव.
आजी


पाडा, हरसूल
ता. २४ जानेवारी २०२६

ती. आजीस, जय भीम.

वि. वि. मला राग आलाय. अजून गेलेला नाही. मुलांना मी सांगते की राग आला तर तसं सांगावं, लपवू नये, म्हणून लिहिते.

गोरक्ष सरांकडे गेले. माफी मागितली. ते म्हणाले, मला वाटलं तुम्ही मला साहेबांचा माणूस समजता, म्हणून मीही बोललो नाही. तुझा कागद त्यांना वाचायला दिला. ते बराच वेळ वाचत होते. म्हणाले, तिसरी शिकलेल्या बाईने हा खुलासा लिहिलाय, आपण दोघांनी मिळून असा लिहिला नसता.

मुलांना मी खरं सांगितलं, की माझं आणि माझ्या आजीचं भांडण झालंय, आणि फोटोचं काय झालं तेही. हर्षाली आणि निकिता यांच्या घरी जाऊन मी आणि सरांनी सांगितलं. हर्षालीची आई सुट्टीला आली होती. ती म्हणाली, फोटोत माझी पोरगी हसतेय, पण विचारायला हवं होतं. मी हो म्हटलं. मग निकिताने वर्गात विचारलं, बाई, भांडण झालंय तर आजीला कोपऱ्यात का नाही बोलवत?

तर ये. २९ तारखेच्या सकाळच्या बसने. पण माझ्या वतीने साहेबांशी बोलायला येऊ नकोस. बसायला ये.

आणि तू सांगितलेली माझी बाजू बरोबर नाही. शेंगा अजून बाकी आहेत.
रोहिणी


सातपूर
ता. ३ फेब्रुवारी २०२६

चि. हर्षाली, चि. निकिता आणि चौथीच्या वर्गातल्या सगळ्या बाळांना, बाईंच्या आजीचे अ. आ.

वि. वि. मी घरी सुखरूप पोचले. तुम्ही दिलेली बोरं बसमध्ये निम्मी संपली, निम्मी लंकाबाईने संपवली. हे पत्र बाईंनी वर्गात मोठ्याने वाचावं. माझं अक्षर लागत नसेल तर निकिताने मदत करावी, अडखळली तरी चालेल, तिथे आता कोणी हसत नाही असं मी ऐकलंय.

तुम्हाला सांगते, मी वर्गात आले तेव्हा दारातच दोनदा पदर सारखा केला. कारखान्याच्या मालकापुढे नाही केला कधी. एकीकडे साहेब खुर्चीवर वही उघडून बसलेले, एकीकडे गोरक्ष सर उभे. मला वाटलं, आता बाई माझी ओळख करून देतील, मी नमस्कार करीन, चार शब्द चांगले बोलीन. तर निकिता चिमणाबाईंकडून परात घेऊन आली नि माझ्यापुढे ठेवली. हर्षालीने बाईंचा हात धरून त्यांना समोर बसवलं. साहेबांकडे तुम्ही बघितलंसुद्धा नाही. मी पंचाहत्तर वर्षांची बाई, मला गोणपाटावर बसायला सांगणारी तुम्ही पहिलीच पोरं.

मी म्हटलं, माझ्या नातीला नोकरीची भीती वाटली. बाईंनी मान हलवली. हर्षालीने मूठभर शेंगा माझ्याकडे सरकवल्या. मी म्हटलं, सरांवर उगाच रागावल्याची लाज वाटली. परत नाही. परत मूठ. मला राग यायला लागला होता हे आता कबूल करते. मनात म्हटलं, हा नेमच मुळी माझा, नि मलाच नापास करतात. मग हर्षाली हळूच म्हणाली, "आजी, नोकरीचं नका सांगू. बाईंचं सांगा."

मी बऱ्याच शेंगा सोलल्या. मग मला सातवीतली रोहिणी आठवली, वर्गात रडून घरी आलेली. तिने ते फक्त मला सांगितलं होतं, आणि दिवे लागायच्या आत अख्ख्या गल्लीला माहीत होतं. मी त्याची आजवर गंमत करत आले. मी म्हटलं, "तू मला काही सांगितलंस की ते तुझं राहत नाही, गल्लीचं होतं. म्हणून तू मला सांगणंच सोडलंस. फोटो पाठवून एकदा परत सांगून पाहिलंस, नि मी परत तेच केलं."

तुमच्या बाईंचे हात थांबले. त्या म्हणाल्या, "हो, असंच."

मग त्यांनी माझी बाजू सांगितली. ती तुम्ही ऐकलीत, पण मला परत लिहावीशी वाटते, कारण माझी बाजू कोणी सांगितली असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदा झालं. त्या म्हणाल्या, आजीने बावीस वर्षं शेकडो माणसांची भांडणं मिटवली, पण कॅन्टीनच्या पाटीवर तिचं नाव कधी आलं नाही. माझं नाव चारचौघांत घेताना ती आपलं नाव ऐकत होती. मला हो, असंच म्हणायचं होतं, पण मी पदराने डोळेच पुसत राहिले. निकिताने सांगितलं, मान हलवली तरी चालते.

तुम्ही घरी गेल्यावरचं तुम्हाला माहीत नाही, ते सांगते. साहेबांनी माझा कागद वाचला, तुमच्या बाईंचा खुलासा वाचला. मग विचारलं, एखाद्याला सोलायचंच नसेल तर? गोरक्ष सर म्हणाले, निकिताला मी हेच विचारलं होतं, तर ती म्हणाली, मग नुसतं बसावं, पण उठून जायचं असेल तर सांगून जावं. साहेब हसले नाहीत, वहीत लिहून घेतलं. त्यांनी सांगितलं की हे शिक्षा म्हणून करायचं नाही, स्वयंपाकाच्या कामासाठी करायचं नाही, आणि पालकांच्या सभेत सगळ्यांना नीट सांगायचं. ते बरोबरच आहे. सोललेले वाल आता तुम्ही बियाण्याला ठेवणार आहात, असं बाईंनी कळवलंय. शेरा वाईट पडला नाही. उपक्रम चालू ठेवावा, असं लिहिलंय, मी वाचलं, चष्मा लावून दोनदा.

मी इथे येऊन काय केलं ते ऐका. लंकाबाईने विचारलं, फोटो आणलास का पोरांचा? मी म्हटलं नाही. ती म्हणाली, मग सांग तरी काय झालं. मी माझं सांगितलं. की मी चुकले, नि नऊ-दहा वर्षांच्या पोरींनी मला गोणपाटावर बसवून शिकवलं. हे मी सगळ्या कॉलनीला सांगतेय, विहारात सांगितलं, किराणावाल्यालाही सांगितलं. ही फुशारकीच आहे, पण माझ्या स्वतःच्या चुकीची आहे, ती कुठेही फिरली तरी चालेल. राकेश म्हणाला, ग्रुपवर टाकू का? मी म्हटलं, टाक, पण फोटो माझा टाक.

आता शेवटचं. परत निघाले तेव्हा तुमच्या बाई मला बसपर्यंत सोडायला आल्या. बस यायला वेळ होता. दोघी बांधावर बसलो. तेव्हा त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. कोणाला अजून सांगितलेली नाही, असं म्हणाल्या.

गोष्ट फार चांगली आहे. एरवी मी बसमधून उतरायच्या आत कंडक्टरला सांगितली असती. पाच दिवस झाले, लंकाबाई रोज विचारते, तू निघताना बाई काय म्हणाल्या, तुझ्या तोंडावर एवढं हसू का आहे. मी मटार सोलते नि गप्प बसते.

तुम्हालाही सांगणार नाही. विचारू नका.

बाईंना त्रास देऊ नका, दिलात तर कोपऱ्यात बसून मिटवा. या म्हातारीला आपल्यातली समजा, एवढं मागते.
तुमच्या बाईंची आजी,
भिमाबाई